कौलवालीवरचा परका बोया

गावाचं नाव मी लिहिणार नाही. रत्नागिरीच्या उत्तरेला, एका खाडीच्या तोंडाशी आहे, एवढं पुरे. नाव का नाही ते पुढे कळेल. ज्यांना जायचंच असतं ते विचारत विचारत पोचतात. आम्हीही तसेच पोचलो.

आम्ही म्हणजे मी आणि मंगल. माझं कोल्हापुरात हार्डवेअरचं दुकान आहे. मंगल बँकेतून निवृत्त झाली. आम्ही दोघी रोज सकाळी एकाच जलतरण तलावावर जातो. मी पोहते आणि मंगल कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बोलते. पण समुद्राखालचे प्रवाळ बघायची कल्पना तिचीच. तिच्या भाचीने फोटो पाठवले होते आणि सोबत एक फोन नंबर.

मी फोन लावून शनिवार-रविवार मागितला. पलीकडे विद्या नावाची बाई होती. ती म्हणाली, "ताई, कॅलेंडर जवळ आहे का? बघा, या रविवारी पौर्णिमा आहे. उधाणाचं पाणी सगळं ढवळून काढतं. स्वतःचा हात दिसायचा नाही तुम्हाला. त्यापेक्षा अष्टमीला या. भांगाचं पाणी असतं, भरती-ओहोटीला जोर नसतो, गाळ खाली बसतो."

अष्टमी आली होती सोमवारी, भर कामाच्या दिवशी. सुट्ट्या बघून नव्हे तर तिथी बघून पाहुणे घेणारा धंदा मी पहिल्यांदाच पाहिला. दुकान पुतण्यावर सोपवलं आणि निघालो.

सप्तमी

कोल्हापूरची एसटी हातखंब्याला सोडली, टपरीवर चहा घेतला आणि विद्याने पाठवलेल्या रिक्षात बसलो. शेवटचा रस्ता काजूच्या बागांमधून उतरतो आणि एका वळणावर एकदम समुद्र येतो. मंगल "बाई गं" म्हणाली आणि नंतर चक्क पाच मिनिटं गप्प बसली.

घर कौलारू, पुढे पडवी, पाहुण्यांसाठी मागे दोन खोल्या. विद्या तिशीची, काटक, ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातलेली. माहेर मंडणगडकडचं, डोंगरातलं. नवरा मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला पोहता येत नव्हतं. आधी खाडीत शिकली, मग स्नॉर्कलिंगच्या प्रशिक्षणाला गेली आणि या हंगामापासून स्वतः पाहुणे नेते. एका वेळी फक्त सहाजण. या खेपेला आम्ही चौघंच होतो. बाकीचे दोघं पुण्याचे, आयटीतले नवरा-बायको, अमेय आणि रेवा.

होडी तिच्या सासऱ्यांची. त्यांना सगळे आबा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणालो. सत्तरीचा, वाळक्या लाकडासारखा माणूस. सुनेची ओळख त्यांनी अशी करून दिली, "डोंगरातली पोर. लग्नात होडी बगून रडली होती. आता मला शिकवते पान्यात कसं उतरायचं ता."

"आबांना पोहता येतं," विद्या म्हणाली, "पण तोंडाला नळी लावली की बोलता येत नाही, म्हणून ते उतरत नाहीत."

संध्याकाळच्या भरतीला तिने आम्हाला किनाऱ्याजवळच्या खडकांच्या आत नेलं. इथले प्रवाळ सगळ्या गावाला माहीत आहेत. जाणाऱ्यांसाठी दोन सूचना: पूर्ण बाह्यांचे, अंगाला घट्ट कपडे घाला आणि अंगाला क्रीम चोपडू नका, ते पाण्यात उतरतं आणि प्रवाळांना बाधतं. मास्कची काच धुकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळायची. मंगलने नाक मुरडलं, टूथपेस्ट चोळली आणि डोळे झोंबून घेतले. मग थुंकली.

टीव्हीवर दिसतात तसे रंग इथे नाहीत, हे आधीच सांगते. पाणी हिरवट आणि नजर पोचते दहा-बारा हात. पण त्या दहा-बारा हातांत काय काय आहे. फुलकोबीच्या गड्ड्यासारखे मोहरीच्या रंगाचे प्रवाळ, त्यांच्या शेजारी ताटाएवढे पसरलेले, कडा फिक्या जांभळ्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे बोटभर मासे झुंडीने वर येतात, आपल्या मास्कपाशी थांबतात आणि आपण हात हलवला की आत शिरतात. एक दगड माझ्याकडे बघत होता. मीही बघत राहिले. मग दगडाने रंग बदलला, आठ पाय गोळा केले आणि तो फटीत निघून गेला. दुकानात तीस वर्षं मी माणसं वाचते आहे. या प्राण्याने मला आधी वाचलं होतं.

आमच्याखेरीज तिथे कोणी नव्हतं. ना भोंगे, ना केळ्याच्या आकाराच्या रबरी बोटी, ना रांगा. पाणी आणि आपला श्वास, बस.

रात्री जेवायला तांदळाची भाकरी आणि सौंदाळे नावाच्या माशांचं सार, तिरफळं घातलेलं. आमच्याकडे तांबडा रस्सा आधी डोळ्यांतून पाणी काढतो आणि मग चव देतो. इथे चव आधी येते आणि तिरफळाची झिणझिण मागाहून, जिभेच्या टोकाला. काकी म्हणजे विद्याची सासू, त्यांना आता कमी दिसतं, पण वाढताना कोणाच्या ताटात काय संपलं ते त्यांना बरोबर कळतं.

जेवताना आबांनी उद्याचे नियम सांगितले. उद्या जायचं ते बुडालेल्या गलबतावर. जुन्या काळी मंगलोरी कौलं घेऊन येणारं एक गलबत इथे बुडालं. लाकूड किड्यांनी खाल्लं, कौलं राहिली. वाडीतले लोक त्या जागेला कौलवाली म्हणतात. पाणी दोन पुरुष खोल, आणि त्या कौलांत मासे राहतात. बाहेर वारा सुटला, लांब जाता आलं नाही की वाडी कौलवालीच्या कडेला जाळं टाकून पोट भरते. पण कडेलाच. वर टाकलं तर जाळंही जातं आणि कौलंही हलतात. ती जागा वाडीबाहेर कोणाला माहीत नाही. रात्री दिवे लावून मासे ओढणाऱ्या मोठ्या बोटींना कळली तर एका रात्रीत साफ होईल.

"म्हणून मोबाईल घरी ऱ्हातील," आबा म्हणाले. "माजा इरोधच होता. हिने वाडीला समजावलं. मी बोललो, एक हंगाम बगू. ज्या दिवशी तिथं परका बोया दिसला, त्या दिवशी पावने बंद." बोया म्हणजे पाण्याखालच्या जाळ्याची जागा दाखवणारी तरंगती खूण.

विद्याचा दीर नितेश समोर बसला होता. पंचविशीचा, होडीवर बापाच्या हाताखाली तोच. तो म्हणाला, "दिसनारच. आज नाय तर उद्या. वहिनी लोकांना घरात घेऊन तिजोरी दाखवते."

"तुमच्या तिजोरीत तुम्ही किती वेळा उतरून बघितलंय, भावोजी?" विद्याने विचारलं. नितेशने भाकरी मोडली.

भांडी आवरताना ती मला म्हणाली, हे हंगामभर नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी दुसरी होडी घ्यायची आणि नवऱ्याला मुंबईहून परत आणायचं. तिचं सगळं गणित या एका हंगामावर होतं.

अष्टमी

सकाळी घावन आणि चहा. मोबाईल पत्र्याच्या डब्यात गेले आणि डबा काकींच्या मांडीवर. अमेयच्या मनगटावरचं घड्याळ बघून आबा म्हणाले, "ह्यात पन नकाशा असतो म्हने." तेही डब्यात गेलं. चपला वाळूतच काढायच्या, होडीला पायताण लागू द्यायचं नाही. नितेश आला नाही. त्याला बाजारात काम होतं.

आबांनी होडी सरळ नेली नाही. आधी दक्षिणेला, मग आत, मग परत. रेवाला मळमळायला लागलं. विद्याने तिला आल्याचा तुकडा चघळायला दिला आणि लांब किनाऱ्याकडे बघायला सांगितलं. मी आबांना बघत होते. ते किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणत होते. कुठल्या, ते मी विचारलं नाही.

मग त्यांनी इंजिन बंद केलं. पुढे पाण्यावर तेलाचा एक पिवळा कॅन डुलत होता. त्याला दोरी बांधलेली, दोरी खाली गेलेली.

मंगलने मला कोपराने ढोसलं. मी तिला गप्प राहायची खूण केली.

विद्याने हात लांब करून कॅन फिरवला. या वाडीत प्रत्येक घर आपल्या बोयाला आपल्या रंगाचं फडकं बांधतं. आबांच्या घराचं लाल-पांढरं, शेजारच्यांचं निळं. या कॅनला काहीच नव्हतं. म्हणजे परका.

"झालं," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "बोललो होतो मी."

"आबा, कोणाचा आहे ते तरी कळू दे."

"फडकं नाय, म्हंजे आपला नाय. आपला नाय, म्हंजे कोनीतरी सांगितलं. कोनी सांगितलं? आमी सांगनार काय?" त्यांनी अमेयकडे बघितलं नाही, पण अमेय शहाण्यासारखा खाली बघायला लागला.

विद्याने कॅन सोडून दिला. मग म्हणाली, "हे चौघं इतक्या लांबून आलेत. यांना तरी बघू दे."

"बगू दे. शेवटचे म्हनून बगू दे."

अशा मनःस्थितीत मी पाण्यात उतरले आणि खाली बघितलं तेव्हा क्षणभर ते सगळं विसरले, हे मान्य करते. खाली एक छप्पर होतं. घराशिवाय नुसतं छप्पर. कौलांच्या थप्प्या जशा रचून आणल्या असतील तशाच, थोड्या कललेल्या, रांगेने; आणि प्रत्येक थप्पीवर प्रवाळांनी आपली वस्ती केलेली. काही कौलांची लाल कड अजून दिसत होती. थप्प्यांच्या फटींतून मासे घरच्यासारखे आत-बाहेर करत होते. एक हेकरू, माझ्या हाताएवढा, ठिपकेदार, एका फटीच्या तोंडाशी तोंड उघडं टाकून बसला होता आणि कोणालाही वाट देत नव्हता. पलीकडे लोखंडी नांगर आडवा पडलेला, त्यावर पंख्यासारखी काहीतरी जाळी वाढलेली आणि प्रवाहाबरोबर हलणारी. मंगल लाईफ जॅकेट घालून वर तरंगत होती. तिने माझा हात धरला, आणि बोलावंसं वाटूनही तिला काही बोलता येत नव्हतं, कारण तोंडात नळी होती.

पिवळ्या कॅनची दोरी जिथे खाली गेली होती तिकडे मी वळले. एका टोकाच्या थप्पीवर जाळं पडलं होतं. कडेला नाही, बरोबर वर. चार-पाच मासे अडकून मेलेले, एक खेकडा अजून पाय मारणारा. काही प्रवाळ मोडून खाली वाळूत पडले होते, मोडल्या जागी पांढरे. बघायला मी श्वास धरून खाली गेले. ही चूक. तलावात वीस वर्षं पोहणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्याला पाणी कळतं. वळताना उजव्या पायातला रबरी फिन जाळ्यात गेला आणि मी ओढला तसा आणखी गुंतला.

घाबरायला वेळ झाला नाही, कारण विद्या आली. तिने माझा पाय घट्ट धरला, कमरेची सुरी काढली, दोन-तीन ठिकाणी कापलं आणि मला वर ढकललं. वर आल्यावर म्हणाली, "ताई, ओढायचं नसतं. गाठ असली की थांबायचं." मी बरं म्हटलं.

होडीत बसल्यावर मंगलने माझ्या फिनला चिकटलेला जाळ्याचा तुकडा सोडवायला घेतला. तिला आता पुन्हा बोलता येत होतं.

"बघ की, जाळं पांढरं आणि मधेच हा नारिंगी दोरा. रफू केल्यासारखं. असं का गं करतात?"

विद्या टॉवेल पिळत होती. सहज म्हणाली, "कमी दिसतं ना, मग आई नारिंगी दोऱ्यानेच सांध..." आणि थांबली.

विद्याने मंगलच्या हातातून तो तुकडा घेतला, गाठी चाचपल्या आणि आबांपुढे धरला. आबांनी तो उन्हात धरला. उलटा केला, सुलटा केला. मग सदऱ्याच्या खिशात घातला आणि इंजिन सुरू केलं. येताना होडी सरळ आली.

किनाऱ्यावर निळ्या फडक्याचे शेजारी, दाजी, जाळं वाळवत उभे होते. आबांचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झालं?" आबा म्हणाले, "बंद करतो आता सगळं," आणि चालू लागले. सगळं म्हणजे काय, ते विद्यालाही कळलं नसावं. ती मागे राहून मास्क धूत बसली. चार मास्क धुवायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ तिने घेतला.

जेवायला नितेश होता. तळलेली तांबोशी, भात, सोलकढी. आबांनी खिशातून तो तुकडा काढून नितेशच्या ताटाशेजारी ठेवला आणि जेवायला सुरुवात केली. नितेशचा घास तोंडापाशी थांबला. काकी वाढायला वाकल्या, हाताला काय लागलं म्हणून तो उचलला आणि डोळ्यांजवळ धरला.

"हे माझंच की," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात सांधलं होतं. कुठं गावलं रे?"

"कौलवालीवर," आबा म्हणाले.

"वर?"

"वर."

काकी खाली बसल्या. नितेश हळूहळू बोलला. दोन दिवसांपूर्वी पहाटे एकटाच गेला होता. धुकं होतं, किनाऱ्यावरच्या खुणा दिसत नव्हत्या. अंदाजाने टाकलं. ओढताना कळलं की वर पडलंय. मग दोरीला कॅन बांधून परत आला. कोणाला कळायच्या आत एकटा जाऊन काढणार होता.

"आनि फडकं?" आबांनी विचारलं.

"फडकं लावलं असतं तर तुमी वळखलं असतंत."

"म्हंजे मी पावन्यांना बोललो."

नितेशने मान खाली घातली. "मला वाटलं नव्हतं तुमी इतक्यात तिथं जाल. काल जेवताना कळलं, तवर उशीर झालेला."

"अष्टमी हाय. कॅलेंडर बगायला पन वहिनीच लागते काय?"

मला वाटलं आता विद्या काहीतरी सुनावेल. आमच्याकडे अशा वेळी जाऊ-दीर-नणंदा सगळ्या मिळून पाच वर्षांचं काढतात. विद्याने नितेशच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "जेवा, भावोजी. उद्या दोरी धरायची आहे तुम्हाला."

आबांनी मान वर केली. "जाळं वरून ओढलं तर कौलं निसटतील."

"वरून नाही ओढायचं. खाली जाऊन गाठीगाठीने सोडवायचं. पाणी उद्यापर्यंत असं राहील, मग परत गढूळ होत जाईल."

"खाली कोन जानार?"

उत्तर आबांनाही माहीत होतं. त्या घरात पाण्याखाली जाऊन काम करू शकणारं माणूस एकच होतं, आणि ते डोंगरातलं होतं. आबांनी सोलकढी संपवली, वाटी खाली ठेवली आणि सुनेला म्हणाले, "जाशील काय?"

मंगलने नंतर मला सांगितलं की त्या घरात आबांनी सुनेला काही विचारल्याचं काकींनी पहिल्यांदाच ऐकलं. ही माहिती मंगलने कधी आणि कशी मिळवली, ते मी विचारलं नाही.

नवमी

पुण्याची मंडळी सकाळी निघून गेली. अमेयने जाताना आबांना सांगितलं की त्याने कोणालाही जागा सांगितली नाही आणि सांगणारही नाही. आबा म्हणाले, "सांगशील कशी? उलटीच्या नादात तुज्या बायकोला किनारा दिसला नाय, नि तुला बायकोशिवाय काय दिसला नाय." अमेय हसला. आम्ही एक दिवस राहिलो. मी श्वास धरू शकते आणि सुरी कशी धरायची ते मला कळतं. दोन हात जास्त होते, ते दिले.

होडीवर त्या दिवशी हुकूम विद्याचा चालला. नितेश दोरी धरून. ती एकदा ओढायची म्हणजे सैल, दोनदा म्हणजे थांब. आधी ती खाली जायची, एक कड सोडवायची, वर यायची, दम घ्यायची. मग मी जायचे, ती दाखवेल तेवढंच. फिन या खेपेला मी जाळ्यापासून लांब ठेवले. प्रवाळात अडकलेला धागा ओढून काढायचा नाही, दोन्हीकडून कापायचा आणि हळूच सरकवायचा. दिवाळीत विजेच्या माळेचा गुंता सोडवतो, तसंच, फक्त श्वास धरून. तो खेकडा अजून होता. विद्याने त्याचा एकेक पाय मोकळा केला. त्याने तिच्या बोटाला चिमटा काढला आणि कौलाखाली गेला.

नितेश एकदा अधीर होऊन दोरी ओढायला लागला. आबांचा आवाज मला पाण्यातूनही ऐकू आला. वर आले तेव्हा ते म्हणत होते, "ती बोलली काय ओढ? मंग?"

सूर्य बराच वर आला तेव्हा जाळं होडीत आलं. सगळं नाही, कौलांच्या आत गेलेले काही धागे तसेच राहिले, ते पुढच्या अष्टमीला. पण थप्प्या जागच्या जागी होत्या. मी शेवटचं खाली बघितलं तेव्हा तो हेकरू परत आपल्या फटीच्या तोंडाशी येऊन बसला होता.

नितेशने पिवळा कॅन दोरीपासून कापला आणि होडीच्या तळाशी टाकला. मग विद्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, मला पन शिकव. नळीचं."

"थुंकायला तर येतंय तुम्हाला," विद्या म्हणाली. "अर्धं झालं."

किनाऱ्यावर होडी लागली तेव्हा दाजी तिथेच होते. कालपासून सगळी वाडी त्यांनी फिरून घेतली असावी, कारण त्यांच्यासोबत आणखी तिघं-चौघं उभे होते. भिजलेलं जाळं, भिजलेली सून आणि माझ्यासारखी एक भिजलेली परकी बाई बघून ते म्हणाले, "काय वो आबा, काल तर बोललात बंद. पावने बंद काय हंगाम बंद? नक्की करा, आमाला पन कळू दे."

आबा होडीतून उतरले. जाळं खांद्यावर घेतलं. नारिंगी दोऱ्याची फाटकी कड त्यांच्या पाठीवर लोंबत होती, सगळ्यांना दिसेल अशी. ती त्यांनी लपवली नाही.

"मला काय इचारतोस?" ते म्हणाले. "होडी तिची हाय. मी नुस्ता सुकानू धरतो."